आतल्या क्लासची वेगळी चूल

मला सूचना वाचायचा कंटाळा आहे, आणि वर वाचल्याचा आव आणायची खोडही आहे. आमचं सॉफ्टवेअर जावा या भाषेतल्या ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभं होतं, त्याची नवी आवृत्ती मीच घातली. सोबतच्या टिपांत लिहिलं होतं की टेस्टच्या, म्हणजे कोड तपासणाऱ्या कोडच्या, एका क्लासच्या पोटात दुसरा क्लास असेल, तर तो यापुढे बाहेरच्याचं कॉन्फिगरेशन, म्हणजे सगळी मांडणी, आपोआप घेईल. पूर्वी आतल्याची चूल वेगळी असायची. जुनीच रीत हवी असेल तर एक ओळ घाला, असंही होतं. कोण घालत बसतंय, म्हणून मी पुढं गेलो. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, होत्या.

सॉफ्टवेअर सोलापुरातल्या डायलिसिस केंद्रांचं होतं. एखादं मशीन बंद पडलं की पेशंटला मेसेज जायचा, आज दुसऱ्या केंद्रात या. मेसेजचं काम मंगळवेढ्याहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी बघायची. मला दादा म्हणायची. तिच्या टेस्टमध्ये बाहेरच्या क्लासात मेसेज पाठवणारा भाग खोटा होता. काही न पाठवताच ‘गेला’ म्हणायचा. आतल्या क्लासात मात्र, मेसेज खरंच जातो का ते बघायला, तिनं मुद्दाम खरा ठेवला होता. माझ्या नव्या आवृत्तीनंतर आतही खोटाच शिरला. बिचारीला कळणार कसं? तिनं पुढं कोड बदलला, त्यात चूक राहिली, आणि टेस्ट हिरवीच राहिली.

माळशिरसच्या एका म्हाताऱ्या ट्रकचालकाला मेसेज गेलाच नाही. ते नेहमीच्या केंद्रात आले, तिथलं मशीन बंद. दुसऱ्या केंद्रात पोचेपर्यंत पाळी निघून गेली होती. उद्या या म्हणाले. त्याच रात्री, पहाटे पहाटे ते वारले.

साहेबांनी मीटिंग लावली. त्याआधी मी माझ्या मशीनवर ती एक ओळ घालून पाहिली. टेस्ट लाल झाली. ती मी वेळेवर घातली असती, तर तिची चूक तेव्हाच पकडली गेली असती. ओळ काढून टाकली आणि मीटिंगला जाऊन बसलो.

“कोड कुणाचा?” साहेबांनी विचारलं.

“माझा, सर,” ती म्हणाली. “पण टेस्ट हिरवी होती.”

“टेस्टही तुझीच ना?”

तिनं मान हलवली. मी गप्प बसलो. घरी कर्ज नाही, आजारपण नाही, गप्प बसावं लागावं अशी माझी कसलीच अडचण नव्हती. नुसती भीती होती. त्या दिवसाची मला अजून किळस येते.

संध्याकाळी ती डबा आणि चार्जर पिशवीत भरत होती. साहेबांनी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.

“दादा, नवीन आवृत्ती घालताना तुमी सगळं वाचलं होतं की. माझ्या टेस्टला धक्का लागंल असं काय न्हवतं ना त्यात?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग माझंच चुकलं,” ती म्हणाली, आणि सव्वासहाची एसटी चुकेल म्हणून घाईनं निघाली.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ घातली, टेस्ट लाल झाली, तिची चूक सापडली, दुपारच्या आत दुरुस्तही झाली. साहेबांनी सगळ्यांना बोलावून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“शिका जरा यांच्याकडून,” ते म्हणाले.