दहापैकी साडेनऊ

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात भेटलेल्या एकाही माणसाला परीक्षा घेतल्याशिवाय सोडलेलं नाही. कऱ्हाडच्या एका शाळेत चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, पण निवृत्त झाला तो शिक्षक. परीक्षक अजून कामावर आहे. मी त्यांच्या मुलीला बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बशीबरोबर माझ्यापुढे एक इंग्रजी उतारा आणि त्याखाली पाच प्रश्न आले. मी इंजिनियर, जर्मनीत नोकरी लागलेला, नवा कोट घालून आलेला. दहापैकी चार मिळाले. "काठावर आहेत, पण पास आहेत," असं त्यांनी आत जाऊन सासूबाईंना सांगितलेलं मी बाहेर स्वच्छ ऐकलं, आणि हा निकाल माझी बायको मला गेली चौदा वर्षं सवडीनं ऐकवत आली आहे. घरी लग्नपत्रिका आली की ते तिच्यातल्या इंग्रजी मजकुरावर लाल पेनानं खुणा करून ती आहेराबरोबर परत देत. आमच्याकडे जर्मनीला येताना विमानातलं सूचनांचं कार्डही त्यांनी तपासून जागेवर ठेवलं होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं "हाऊ लाँग यू विल स्टे?" असं विचारलं, तेव्हा ह्यांनी आधी शांतपणे "हाऊ लाँग विल यू स्टे?" असा प्रश्न दुरुस्त करून दिला आणि मगच "एटी नाइन डेज" हे उत्तर दिलं. अधिकाऱ्यानं निमूट शिक्का मारला.

पूर्ण गुण मात्र त्यांनी कधीच कुणाला दिले नाहीत. उत्तर कितीही निर्दोष असो, साडेनऊ. पोरं रडली, पालक भांडायला आले, हेडमास्तरांनी विनवून पाहिलं, पण तो अर्धा गुण काही सुटला नाही. सासूबाईंच्या पुरणपोळीलासुद्धा साडेनऊच. "उरलेल्या अर्ध्याचं तुम्ही करता काय?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तो राखून ठेवायचा असतो, जावईबापू." कशासाठी, ते सांगितलं नाही.

सासूबाई गेल्या आणि वर्षभरानं आम्ही सासऱ्यांना जर्मनीत, आखनला आमच्याकडे आणलं. पहिले दोन आठवडे वाईट गेले. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत, आणि हे खिडकीशी खुर्ची टाकून खालच्या बसेस मोजत बसलेले. जर्मन येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. ती भाषा म्हणजे घाईघाईत लिहिलेली इंग्रजी असं त्यांचं मत. नातीची परीक्षा घ्यायला गेले तर ती "नाइन, आजोबा, मी गेराडं नाही कान" असं काहीतरी अर्धं जर्मन बोलून, म्हणजे आत्ता जमणार नाही असं सांगून, पसार होई. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "इथं माझा कुणाला काय उपयोग आहे?" आम्ही दोघांनी एका सुरात "असं काय बोलता, बाबा!" म्हटलं. पण ते खरं होतं आणि तिघांनाही ते ठाऊक होतं.

त्यांना वाचवलं ते पार्सलांनी. जर्मनीत घरी कुणी नसलं की पार्सलवाला शेजारच्या घरात पार्सल ठेवून जातो, आणि आमच्या इमारतीत दिवसभर घरी असणारा आणि बेल वाजताच हौसेनं दार उघडणारा एकच माणूस होता. आठवडाभरात आमच्या दारातलं बूट ठेवायचं कपाट हे पोस्ट ऑफिस झालं आणि संध्याकाळी पार्सल न्यायला येणारा प्रत्येक शेजारी हा परीक्षार्थी. तळमजल्यावरचे हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे गृहस्थ, एका दिव्याच्या पार्सलसाठी वीस मिनिटं अडकले आणि दहापैकी तीन घेऊन गेले. त्यांना इंग्रजी येतच नव्हती. ते तीन गुण टापटिपीचे होते.

समोरच्या घरात राहणाऱ्या मिसेस लिऊ अशाच, बाहेर गेल्या असताना आलेलं पार्सल न्यायला आल्या. चीनमध्ये एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्यांनी बारा वर्षं काम केलं होतं. नवरा इथं संशोधनाला आला म्हणून त्या आल्या आणि तीन वर्षं घरी बसल्या होत्या. आता एका प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी जागा होती. अट एकच, इंग्रजीची परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र. दोनदा त्या वाचनाच्या विभागात नापास झाल्या होत्या. तिसरी खेप नऊ आठवड्यांवर आली होती आणि प्रयोगशाळा त्यापुढे थांबणार नव्हती. हे सगळं त्यांनी दारात उभ्या उभ्या, पार्सल छातीशी धरून सांगितलं. सासऱ्यांचे डोळे असे काही चमकले की मला त्या बाईंची काळजी वाटली.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी जवळच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मिसेस लिऊ आणि त्यांच्या ओळखीचे सहा चिनी स्त्री-पुरुष वह्या घेऊन हजर झाले. सगळे तिशी-चाळिशीतले: कुणी संशोधकाची बायको, कुणी संशोधिकेचा नवरा, एक उपाहारगृहातले आचारी. सासऱ्यांनी आमच्या देवघरातली घंटी पेपर सुरू झाल्याची सूचना द्यायला नेली होती, त्यामुळे शुक्रवारी आमचे देव घंटीविना जेवत. सगळे त्यांना 'लाओशी' म्हणू लागले. त्याचा अर्थ गुरुजी, हे कळल्यावर ते दोन दिवस घरात ताठ मानेनं वावरत होते.

सुरुवात झाली शब्दांपासून. प्रत्येकाकडे वीटभर जाडीचं शब्दांचं पुस्तक होतं, इंग्रजी अक्षरक्रमानं रचलेलं. सासऱ्यांनी एकही पुस्तक उघडलं नाही. सातही पुस्तकं मिटूनच हातात घेतली आणि नाडी बघावी तशी त्यांची कड बघितली. पानांची कड सुरुवातीला हाताळून काळी पडलेली आणि चौथ्या अक्षरापुढे पांढरीशुभ्र! दर वेळी नव्या उमेदीनं पहिल्या पानापासून सुरुवात करायची आणि चौथ्या अक्षराशी दमायचं, हे सातही जणांचं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. माझ्या डायऱ्याही जानेवारीपुरत्याच भरलेल्या असतात, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. शंभर शब्दांची चाचणी झाली आणि निदान पक्कं ठरलं. 'रद्द करणे', 'त्याग करणे', 'आत्मसात करणे' हे शब्द तोंडपाठ. पण कुजबुज, मनगट, सुरकुती, जांभई ह्यांच्या नावानं शंख. "म्हणजे ह्या लोकांना इंग्रजीत संस्था बरखास्त करता येते," सासरे घरी येऊन म्हणाले, "पण जांभई देता येत नाही!" दुसऱ्या शुक्रवारपासून पुस्तकं उलटी धरून शेवटच्या पानापासून सुरुवात झाली. महिन्याभरात आचारी जांभई देताना तिचं इंग्रजी नाव घेऊन देऊ लागले.

व्याकरणात तर ते सातही जण मास्तरांना खाऊन टाकतील असे निघाले. सगळ्यांना साडेनऊ. तोच पेपर सासऱ्यांनी मला घरी सोडवायला लावला. माझे गुण इथं सांगण्याची गरज नाही.

राहिलं वाचन, आणि तिथं माझ्या हातून घोटाळा झाला. सासऱ्यांनी निवडलेला उतारा आणि त्यावर त्यांनीच काढलेले चार-चार पर्यायांचे दहा प्रश्न मी ऑफिसातून छापून आणले. शुक्रवारी घंटी झाली, सातही जणांनी माना खाली घातल्या, चाळीस मिनिटांनी पेपर गोळा झाले. सगळ्यांना आठ-आठ, मिसेस लिऊंना नऊ. सासरे लाल पेन नाचवत घरी आले. "कुठल्या गाढवानं त्यांना नापास केलं?" वगैरे जोरात चाललं होतं आणि मी सहज माझ्या बॅगेत हात घातला. आत उताऱ्याच्या सातही प्रती जशाच्या तशा होत्या. मी वर्गात नुसते प्रश्नच वाटले होते.

सासरे खाली बसले. कितीतरी वेळ ते त्या प्रतींकडे बघत राहिले. मग पार्सल नसतानाही समोरच्या दाराची बेल वाजवून त्यांनी मिसेस लिऊंना बोलावलं. त्यांचं बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं.

"उतारा नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"हो, लाओशी."

"मग बोलला का नाहीत?"

"आम्हाला वाटलं, हीच परीक्षा आहे."

"आणि उत्तरं कुठून आणलीत?"

मिसेस लिऊंनी अगदी मोकळेपणानं सांगितलं. सर्वांत लांबलचक पर्याय बहुधा बरोबर असतो. 'नेहमी' किंवा 'कधीच नाही' असलेला बहुधा चूक. दोन पर्याय एकमेकांच्या उलट असले तर त्यांतला एक उचलायचा. "उतारा वाचायला फार वेळ लागतो, लाओशी. मी एकेक शब्द वाचते. अर्ध्यावर येईपर्यंत वेळ संपतो. म्हणून आधी प्रश्न सोडवते. खऱ्या परीक्षेत मात्र ह्या युक्त्या चालत नाहीत."

त्या गेल्यावर सासरे जेवले नाहीत. "चाळीस वर्षं मी प्रश्न काढले," ते म्हणाले. "न वाचता सुटणारे. चाळीस वर्षं मी नक्की तपासत काय होतो, जावईबापू?" मला त्यांची एवढी दया कधी आली नव्हती. ज्या माणसानं मला काठावर पास केलं, तो माझ्यासमोर स्वतःच्याच पेपरात नापास होऊन बसला होता, आणि मला त्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही.

सकाळी उठलो तर स्वारी टेबलाशी बसून लिहीत होती. त्या दिवसापासून त्यांनी प्रश्न काढणंच बंद केलं. चाळीस वर्षांची विद्या एका रात्रीत बाजूला ठेवायला काय छाती लागते, हे मला, दर सोमवारी ऑफिसात तेच ते आराखडे पुढे सरकवणाऱ्या माणसाला, नीट कळतं. आता ते उतारा देत, फक्त उतारा, स्वतः लिहिलेला. दहा मिनिटांनी घंटी. कागद पालथा. "आता घरी जाऊन आईला सांगाल तसं मला सांगा. काय झालं?" पहिल्या शुक्रवारी सातही जण गप्प. कुणीतरी पाठ झालेली दोन वाक्यं म्हणून दाखवली, त्याला दोन गुण. पुढच्या खेपेला मिसेस लिऊ चार वाक्यं बोलल्या. त्यापुढच्या खेपेला त्या बोलता बोलता हसल्या आणि सासरे टेबलावर हात आपटून ओरडले, "वाचलं! बाईंनी वाचलं! हसू युक्तीनं येत नाही!" आवाज ऐकून शेजारच्या खोलीतली गाण्याची तालीम थांबली. पेन्सिलीनं एकेक शब्द टोकरणं सुटलं. पुढं काय झालं हे कळायची घाई लागली की डोळे आपोआप पळतात, हे त्या सगळ्यांना उमगलं. हॉलमधून शुक्रवारी इतका हशा ऐकू येऊ लागला की पलीकडच्या जर्मन आजीबाई, इथं नक्की कसला वर्ग चालतो, ते बघायला डोकावून गेल्या. "इंग्रजी? या, गेनाऊ," म्हणजे 'हो, अगदी खरं', असं म्हणत त्या अविश्वासानं मान हलवत परतल्या.

परीक्षेच्या सकाळी सासऱ्यांनी मिसेस लिऊंच्या हातावर दही-साखर ठेवायचं ठरवलं. दही संपलं होतं, म्हणून बायकोनं क्वार्कवर, म्हणजे इथल्या चक्क्यासारख्या दह्यावर, साखर घातली. बाईंनी ते औषध समजून डोळे मिटून गिळलं. बस वळणाआड जाईपर्यंत सासरे थांब्यावर उभे होते.

निकाल लागायच्या आत त्यांचे एकोणनव्वद दिवस संपले. विमानतळावर सातही जण आले होते. आचाऱ्यांनी वाफवलेल्या पावांचा डबा आणला होता.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी आमच्या दाराची बेल कुणीतरी सोडेचना. दारात मिसेस लिऊ, हातात फोन, चेहरा पार भिजलेला. पास! वाचनात सर्वांत जास्त गुण! आम्ही ताबडतोब कऱ्हाडला व्हिडिओ कॉल लावला. सासरे पडद्यावर आले, फक्त कपाळ आणि चष्मा. बातमी ऐकून त्यांनी अभिनंदन केलं नाही, गुणही विचारले नाहीत. म्हणाले, "उतारा कशावर होता?"

आणि मिसेस लिऊंनी सांगायला सुरुवात केली. एका बेटावरचा दीपगृहाचा राखणदार, त्याची वादळात वाहून गेलेली होडी, आणि ती परत आणून देणारे पलीकडच्या गावातले, कधी न भेटलेले लोक. त्या हातवारे करत होत्या, मध्येच थांबून 'मनगट' हा शब्द मुद्दाम वापरत होत्या. "मला वाटत होतं, हे तुम्हाला सांगायचंय, लाओशी," त्या म्हणाल्या. "म्हणून मी वाचत गेले. प्रश्न शेवटी बघितले."

पडद्यावरचा चष्मा कपाळावर चढला. मग सासऱ्यांचा आवाज आला, "टेन आउट ऑफ टेन." बायको माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. मिसेस लिऊंना काय घडलं ते कळलंच नाही. त्या आपल्या हसत होत्या. त्या महिन्यापासून त्या प्रयोगशाळेत जाऊ लागल्या आहेत. आमची पार्सलं आता कुणाकडे ठेवायची, हा इमारतीपुढचा मोठाच प्रश्न झाला आहे.

त्या रविवारी कपाट आवरताना मला त्यांच्या उताऱ्यांची फाइल सापडली. मी शुक्रवारी त्यांना हॉलवर सोडायचो आणि आणायचो, पण उतारा एकही वाचला नव्हता. वाचायला बसलो. पाच उतारे होते, आणि पाचही सासूबाईंवर. नवी चप्पल देवळात हरवून आल्यावर दुसऱ्या कुणाचीतरी घालून आलेल्या आणि मग रात्रभर झोप न लागलेल्या सासूबाई. शेजारणीशी भांडून तिलाच लोणचं पाठवणाऱ्या. सुटलेली बटणं बिस्किटांच्या डब्यात साठवणाऱ्या. चौदा वर्षं मी त्या घरचा जावई. आणि माझ्या सासूबाईंना माझ्यापेक्षा आखनमधली सात चिनी माणसं जास्त ओळखत होती.

मी कऱ्हाडला फोन लावला. म्हटलं, "बाबा, बटणांचा उतारा वाचला."

त्यांनी तिकडे टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "कागद पालथा घाला. काय होतं त्यात, सांगा."

मी सांगत गेलो. त्या डब्यात एक मोठं निळं बटण होतं, ते कुणाच्याच कपड्याचं नव्हतं, आणि त्या ते टाकूही देत नसत. ह्यांनी कितीदा विचारलं तरी "असू दे" एवढंच म्हणत. आता डबा ह्यांच्याकडे आहे आणि निळं बटण अजून त्यात आहे. इथवर आलो आणि थांबलो.

"पुढे?" सासऱ्यांनी विचारलं.

"पुढे काही नाही, बाबा. उतारा तिथंच संपतो."

"हो," ते म्हणाले. "तिथंच संपतो."

गुण त्यांनी दिले नाहीत, आणि मीही विचारले नाहीत.