वाऱ्याची न्याहारी

डोंगराखालच्या वस्तीत त्यांना सगळे वारामामा म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. जंगल खात्यात बत्तीस वर्षं ते जाळपट्टा काढायचं काम करत होते. जाळपट्टा म्हणजे डोंगर आणि घरं यांच्यामधली गवताची लांबच लांब पट्टी. उन्हाळा तापायच्या आत ती आपणच मुद्दाम जाळून टाकायची. मग पुढे कधी वणवा उतरला, तर त्या काळ्या पट्टीत त्याला खायला काही मिळत नाही आणि तो तिथेच विझतो. आगीने आग अडवायची, असा हा उफराटा धंदा.

मामा नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. हाताखालचे चार मजूर त्यांना टरकून असत. पण त्यांच्या पट्ट्यातून ठिणगी बाहेर गेली, असं बत्तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं, त्यामुळे ऐकून घ्यायलाच लागायचं. त्यांची रीत ठरलेली होती. पहाटे मूठभर गवत उपटायचं, चुरगाळायचं आणि कानाशी धरायचं. गवत गप्प बसलं तर आत दवाचा ओलावा आहे, लावा काडी. कुरकुरलं तर घरी जा. आणि काडी लावायची तीही एका ठरावीक वेळीच. डोंगरावरून खाली येणारा सकाळचा वारा थांबतो आणि दरीतून वर चढणारा दिवसाचा वारा अजून सुरू व्हायचा असतो, त्यांच्यामध्ये तासभर पान हलत नाही. मामा त्या तासाला वाऱ्याची न्याहारी म्हणत. ‘साहेब न्याहारीला बसलेत, उरकून घ्या,’ एवढं म्हणून ते पेटवायचे आणि साहेबांचं खाणं व्हायच्या आत विझवून मोकळे व्हायचे.

वस्तीचं अगदी शेवटचं घर त्यांच्या धाकट्या बहिणीचं. घर कसलं, पत्र्याच्या दोन खोल्या, डोंगराला पाठ लावून बसलेल्या. तिचा नवरा शिंपी होता. झटक्याने त्याचं एक अंग गेलं होतं, पण जीभ दोन्ही बाजूंनी चालायची. मामा संध्याकाळी डोकावले, की खिडकीजवळच्या खाटेवरून तो विचारायचा, ‘काय मेहुणे, आज साहेबांनी काय खाल्लं?’ मामा कधी हसायचे नाहीत आणि कधी एक संध्याकाळ चुकवायचेही नाहीत.

सहा वर्षांपूर्वी वणवा उतरला होता, तेव्हा भोंग्याची गाडी येऊन सगळ्यांना निघायला सांगून गेली. मामा म्हणाले, थांबा, दुपारी वारा फिरेल. वारा फिरला. तेव्हापासून वस्ती भोंग्याकडे बघायची सोडून मामांकडे बघायला लागली. बहीण तर सरळच सांगायची, दादा म्हणेल तेव्हा मी निघेन.

पण अलीकडे हवेचं काही खरं राहिलं नव्हतं. दोन वर्षं पाऊस जवळजवळ पडलाच नाही. तिसऱ्या वर्षी भलत्याच महिन्यात चार दिवस कोसळला, पाणी वाहून गेलं आणि पुन्हा वर्षभर थेंब नाही. त्या चार दिवसांच्या पाण्यावर गवत मात्र माणसाच्या छातीपर्यंत वाढलं आणि उभ्या उभ्या वाळलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी गत. त्या थंडीत दव पडलंच नाही. मामा रोज पहाटे जाऊन गवत कानाशी धरत आणि रोज ते कुरकुरे. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. पट्टा तसाच उभा होता आणि पलीकडच्या डोंगरावर कोरड्या विजा पडून वणवे लागायला सुरुवात झाली होती. तो धूर बहिणीच्या मागच्या दारातून दिसत होता.

खात्यात नव्याने आलेल्या अधिकारी बाई वयाने मामांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी सांगितलं की यंदा जाळू नका, गवत विळ्याने कापून घ्या. मामा भडकले. चार माणसं, आठ किलोमीटर पट्टा आणि वणवा दोन डोंगर पलीकडे आलेला. त्याला काय थांब म्हणून निरोप धाडायचा?

“तुमची खात्री असेल तर लावा,” बाई शेवटी म्हणाल्या.

“आहे खात्री,” मामा म्हणाले.

खात्री नव्हती. त्या पहाटेही गवत कुरकुरलं होतं आणि ते फक्त त्यांच्या कानाने ऐकलं होतं. पण पट्टा न काढता बसलं तर पहिलं घर कोणाचं जाईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दव नसलं म्हणून काय झालं, तो एक तास तर कुठे जात नाही, असं त्यांनी मनाला समजावलं.

सकाळी पान हलेनासं झालं आणि मामांनी काडी लावली. पंधरा मिनिटं सगळं शिस्तीत चाललं. मग वरून, डोंगराच्या माथ्याकडून, भट्टीचं दार उघडावं तसा गरम वारा आला. त्या वेळी, त्या बाजूने, बत्तीस वर्षांत कधी न आलेला. पेटलेले गवताचे झुबके मजुरांच्या डोक्यावरून उडाले आणि खालच्या गवतात पडले. फांद्यांनी झोडपून काही होईना. मामा वस्तीकडे धावत सुटले. वय झालं होतं, दोनदा पडले. ते पोचले तेव्हा दोन माणसं बहिणीला काखेत धरून बाहेर ओढत होती. तिने दोन्ही हातांनी खाट धरून ठेवली होती आणि खाट दारात अडकली होती. तिला सोडवता आलं. शिंप्याला नाही. त्या दिवशी अकरा घरं जळाली.

आग तिथे थांबली नाही. डोंगराला वळसा घालून ती पलीकडच्या वस्तीच्या दिशेने गेली. उरलेल्या माणसांना शाळेत आणून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई तिथे आल्या, मामांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या की या आठवड्यात विजा पडल्याच आहेत, तर अहवालात कारण तेच लिहू. त्यांनाही स्वतःची नोकरी वाचवायची होती. मामांनी होकारार्थी मान हलवली. आयुष्यभर दुसऱ्यांना झाडणारा माणूस, त्याला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

मग ते बहिणीकडे गेले. शाळेतल्या बाकावर ती बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. मामा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात म्हणाले, “वीजबीज नाही. आग मी लावली होती.”

“माहीत आहे, दादा,” ती म्हणाली. “मागच्या दारातून दिसत होतास तू. पहिल्यांदा धूर खाली आला तेव्हा ह्यांनी विचारलं, निघायचं का? शेजारचे हातगाडी घेऊन आले होते, ह्यांना घालून नेतो म्हणाले. मीच त्यांना परत पाठवलं. म्हटलं, आग दादाची आहे, आपल्याला कसली भीती.”

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती रडलीही नाही.

तेवढ्यात शाळेच्या दाराशी गलका झाला. पलीकडच्या वस्तीतून दहाबारा माणसं आली होती. भोंग्याची गाडी सकाळपासून तीनदा निघा म्हणून सांगून गेली होती, पण वस्ती हलली नव्हती. म्हातारी माणसं आहेत, जनावरं आहेत, उगीच कशाला घर सोडा? मामा काय म्हणतात ते बघू आणि मग ठरवू, असं सगळ्यांचं मत पडलं होतं.

“मामा, वारा फिरेल ना?” पुढच्या म्हाताऱ्याने विचारलं.

बाई तिथेच उभ्या होत्या. मामा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दारात आले.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “कालची आग मी लावली. वारा येणार नाही असं म्हणून लावली. आता वाऱ्यातलं मला काही कळत नाही, तुम्हीही मला विचारू नका. गाडी निघा म्हणते ना? निघा.”

म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. मामा चेष्टा करत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, तरी तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मामा उंबऱ्यावरून खाली उतरले आणि त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले.

“माझ्या बहिणीने माझं ऐकलं,” ते म्हणाले.