लाईट गेली की आबा

मशीन आलं त्या दिवशी मिरवणुकीत हलगी माझ्या बापानंच वाजवली.

भैरोबाच्या देवळात आरतीला वाजणारं विजेचं मशीन. लोखंडी सांगाडा, त्यात नगारा, झांजा आणि एक घंटा. मोटर फिरली की टोले आपोआप पडायचे. गावातल्या बागायतदार आण्णांनी नवस फेडायला ते सांगलीहून आणलं होतं. एसटी स्टँडपासून देवळापर्यंत टेम्पोतून त्याची मिरवणूक निघाली. गुलाल, हार, फटाके. आबा टेम्पोच्या पुढं, मशीनकडं तोंड करून, उलटं चालत वाजवत होते. धुतलेला सदरा घातला होता त्यांनी. मी नववीत होते. बाप काय झकास वाजवतोय म्हणून मैत्रिणींपुढं मिरवत चालले होते.

देवळाशी आल्यावर चौघांनी मशीन उचललं, पायऱ्या चढवून आत नेलं आणि गाभाऱ्याच्या दाराशी नारळ फोडून बसवलं. तिथं आमच्या घरातलं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. आबा खाली थांबले. लोक चपला काढतात त्या जागी. त्यांची जागा तीच. त्यांच्या बापाची आणि आज्याचीही तीच.

आण्णांनी बटण दाबलं. धडाधड आवाज सुरू झाला. आबा अजून वाजवतच होते. आण्णा बाहेर आले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बास कर रं शंकऱ्या. आता तुझं काम ह्ये करतंय. तू बस निवांत बिड्या वढत."

लोक हसले. आबाही हसले. थोबाडीत खाल्लेल्या माणसानं हसावं तसं ते हसणं होतं. मला ते अजून दिसतं.

आमचं गाव पलूसजवळचं. आम्ही मातंग वस्तीतले. शेजारच्या बौद्ध वस्तीनं गावकीची कामं केव्हाच सोडली होती. आमच्या घरानं मात्र हलगी धरून ठेवली. त्याबद्दल सुगीला दाणे मिळायचे, सणाला पोळी. मशीन आल्यावर ते बंद झालं. त्याचं एवढं नाही, आबा मजुरीला जातच होते. पण संध्याकाळचं काय करायचं हे त्यांना कळेना. दिवेलागणीला मशीन वाजायला लागलं की थेट वस्तीपर्यंत ऐकू यायचं. एकच ठेका. रोज तोच. आबा जोत्यावर बसून ऐकायचे. मध्येच पुटपुटायचे, "हितं वळाय पायजे." मशीन काही वळायचं नाही. आबा पुन्हा ऐकत राहायचे.

पण मशीनला वीज लागते, आणि आमच्याकडच्या विजेचा कारभार लहरी. लाईट गेली की आण्णांचा मुलगा बाळासाहेब मोटारसायकलवरून यायचा. कॉलेजात जाणारं पोरगं. गाडीवरून उतरायचा नाही. वस्तीच्या तोंडाशी हॉर्न द्यायचा आणि ओरडायचा, "ए शंकऱ्या, लाईट गेली, चल." बापाच्या वयाच्या माणसाला. आणि आबा पळायचे. पायात चप्पलही न घालता.

हळूहळू आबा लाईट जायची वाट बघायला लागले. हे सांगताना मला आजही जड जातं. दिवस कलला की चुलीपुढं हलगी शेकत बसायचे. कातडं तापलं की ताणतं, मग हलगी खणखणीत बोलते. हलगी मांडीवर आणि नजर घरातल्या एकुलत्या बल्बवर. बल्ब फडफडला की त्यांचा चेहरा खुलायचा. मला अभ्यासाला उजेड हवा असायचा आणि माझ्या बापाला अंधार. एका खोलीत आम्ही दोघं एकमेकांच्या विरुद्ध बसायचो.

श्रावणातली गोष्ट. मी दहावीत गेले होते. लाईट गेली, हॉर्न वाजला, आबा पळाले. बाहेर भुरभुर चालू होती. भिजली तर हलगीचा आवाज उतरेल म्हणून मी प्लास्टिकचा कागद घेऊन मागून गेले. आरती सुरू होती. ती संपत आली आणि लाईट आली. मशीनचं बटण कुणी बंद केलेलं नव्हतं, ते आत आपोआप वाजायला लागलं. आत मशीन, बाहेर आबा. आरती संपली, पुजाऱ्यानं मशीन बंद केलं, प्रसाद वाटला. लोक पायऱ्या उतरले, आबांच्या पायांजवळच्या आपापल्या चपला शोधून घातल्या आणि घरी गेले.

आबा वाजवतच होते.

आमच्यात रीत होती. वाजवणाऱ्यानं आपल्या मनानं थांबायचं नाही. पुजारी पायरीवर येऊन हात वर करतो, तेव्हा थांबायचं. त्या दिवशी पुजारी मागच्या दारानं घरी निघून गेला. कुणाला मुद्दाम अपमान करायचा होता असंही नाही. आठवण राहिली नाही, एवढंच. शिवी दिली असती तर निदान खाली कुणी माणूस उभा आहे हे तरी त्यांच्या ध्यानात होतं असं म्हटलं असतं.

बाळासाहेब आणि त्याचे दोस्त कट्ट्यावर बसून बघत होते. "बघूया किती येळ वाजीवतंय," एकजण म्हणाला, आणि बाकीचे खिदळले.

मी जाऊन आबांचा हात धरला.

"आबा, आरती संपली. चला."

"सोड बाय. अजून हात वर झाला न्हाई."

"आत कुणी न्हाई आबा. बघा तरी."

त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग हलगी काखेत मारली आणि चालायला लागले. मला रडू येत नव्हतं. संताप संताप होत होता.

त्यानंतर पुन्हा हॉर्न वाजला तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. आबा हलगी घेऊन उठले होते. "सर बाजूला, आरतीला उशीर हुतोय." मी सरले नाही. बाहेर ओरडून सांगितलं, "आबा येणार न्हाईत."

"का? आजारी हाय का?"

"धडधाकट हायत. येणार न्हाईत."

आई चुलीपासून म्हणाली, "आगं, गावात ऱ्हायाचं हाय आपल्याला." मी दार सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा स्वतः आले. वस्तीत त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. बरोबर बाळासाहेब, त्याच्या हातात टेपरेकॉर्डर.

"शंकऱ्या, पोरगी नगं म्हणतीया तर तू येऊ नगंस," आण्णा अगदी समजुतीनं बोलले. "हितंच वाजीव. आमी ह्यात भरून घेतो. ह्यो सेलवर चालतो. लाईट गेली तरी काम भागतंय."

बाळासाहेबानं कोरी कॅसेट घातली आणि बटण दाबलं. आबांनी हलगी उचललीसुद्धा. चेहऱ्यावर आशा होती. आपण नाही तर आपली हलगी तरी आत जाईल, असं त्यांना वाटलं असेल.

मी विचारलं, "आण्णा, ही कॅसेट कुठं लावणार?"

"कुठं म्हंजे? देवळात. मशीनशेजारी."

"आवाज आत चालतोय, मग माणूस का चालत न्हाई?"

"कॅसेटला जात नस्ती पोरी," आण्णा म्हणाले. रागानं नाही, सहज.

इतके दिवस मला वाटत होतं, मशीननं माझ्या बापाची जागा घेतली. तसं नव्हतंच. या लोकांना पहिल्यापासून तेच हवं होतं. वाजेल पण शिवणार नाही असं काहीतरी. ते बाजारात मिळत नव्हतं तोवर त्यांनी माझ्या बापावर भागवलं होतं.

मी आबांच्या हातातली हलगी काढून घेतली. त्यांची पकड घट्ट होती, मला ओढावी लागली.

"भरून मिळणार न्हाई," मी म्हणाले. "आनि आता आत घेतलं तरी आमी येणार न्हाई."

टेप फिरतच होता. "बंद कर त्ये," आण्णा म्हणाले, आणि निघून गेले.

आबा माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. हलगीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मी मिरजेला नर्सिंगला आले. पुढं ते आजारी पडले तेव्हा त्यांना मी काम करते त्याच दवाखान्यात आणलं. खिडकीखाली रहदारीचा रस्ता. गाडीचा हॉर्न वाजला की ते कॉटवरून उठायला बघायचे. मी खांदे धरून निजवायची. सलाईनची सुई निघेल म्हणून. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जी घाई असायची तिनं माझी झोप उडाली, ती अजून आलेली नाही. मिरजेत हॉर्न काही थांबत नाहीत.

माझ्या बापाचं वाजवणं मी तोडलं. त्याचं दुःख मला आहे आणि मरेपर्यंत राहील. पश्चात्ताप नाही. गावाहून निरोप येतात, आता दिवस बदललेत, देवळात ये, ओटी भर, कोण काही म्हणत नाही. म्हणत नसतील. मी जाणार नाही. मला आत घ्यायचं की नाही हे ठरवायला त्यांनी पुन्हा बसू नये, म्हणून मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. ज्यांना माझा बाप फक्त अंधारात आठवला, त्यांच्या दारात मी उजेडातही उभी राहणार नाही.