वन्संच्या नावाने

आमच्या वन्सं सिग्नलच्या नियंत्रण कक्षात कामाला होत्या. शहरातले सगळे सिग्नल तिथल्या एका संगणकावरून चालत. कुठेतरी ॲम्ब्युलन्स अडकेल या धास्तीने त्या पाणी प्यायलाही उठायच्या नाहीत. सगळ्यांच्या आधी पोचून त्या आपला पासवर्ड घालायच्या, आणि मग दिवसभर येईल तो त्यांच्याच नावाने काम करायचा. प्रत्येकाला स्वतःचा वेगळा पासवर्ड दिलेला होता, पण तो लक्षात ठेवायचे कष्ट कोण घेणार? वन्सं कुरकुरल्या की शेजारच्या खुर्चीवरचा लाडोबा म्हणायचा, आपण काय परके आहोत का, ताई? आणि त्यांच्या डब्यात हात घालायचा.

एका दुपारी साहेबांना आपल्या नव्या बंगल्याचे फोटो दाखवायची हुक्की आली. घरचा पेनड्राइव्ह आणून त्यांनी तो त्याच संगणकाला लावला. वन्सं नको नको म्हणत होत्या, पण त्यांचं ऐकतो कोण! सगळे खुर्च्या ओढून बंगल्याचं कौतुक करत बसले. पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला, पडदा काळा झाला, आणि शहरभर सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत राहिले. चौकाचौकांत गाड्या एकमेकींच्या अंगावर चढल्या.

चौकशी लागली. संगणकात नाव वन्संचं. नोकरी जायची वेळ आली तरी त्या मला सांगत होत्या की अगं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालंय, बोलतील ना.

साहेबांनी तोंड वर करून सांगितलं की ते तेव्हा खोलीतच नव्हते. त्यांच्याकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती. बाकीचे मूग गिळून बसले. लाडोबाला विचारलं तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "नाव तर ताईंचंच दिसतंय."

इतकी वर्षं त्यांचा डबा खाल्लेला माणूस! मला अजून त्याची शिसारी येते. वन्संना कामावरून काढलं.

आठवड्याभरात त्याच लाडोबाचा फोन आला. जुन्या प्रतीवरून यंत्रणा पुन्हा उभी केली होती, पण ती उघडत नव्हती. बाकीच्यांची नावं कधी वापरलीच नव्हती, म्हणून बंद पडली होती.

"ताई, तेवढा तुमचा पासवर्ड सांगता का? तात्पुरतंच हो."

चार शब्द सुनवावेत म्हणून मी फोन मागितला. वन्संनी दिला नाही.

"मला काढलंत ना?" त्या म्हणाल्या. "मग माझं नावही काढा तिथून."

फोन ठेवून त्या मोरीत गेल्या आणि साबणाने हात धुतले.