जिन्यातला पायलट

मंडळी, आज मुलीला घेऊन जळगावात पायलट ट्रेनिंगच्या सेमिनारला गेलो. विमान कंपनीचा कोर्स घ्यावा की फ्लाइंग स्कूलमधून स्वतः लायसन्स काढावं, हे ठरवायचं होतं.

स्टेजवर पायलटच्या गणवेशातला एक पोरगा म्हणाला, "कुठूनही शिका, विमान तुमची वाट बघतंय!" माझ्या पोरीनं जोरात टाळ्या वाजवल्या.

माझं आयुष्य डाळ मिलच्या खडखडाटात गेलं, पण कान शाबूत आहेत. चहाच्या वेळी तोच पोरगा जिन्यात फोनवर आईला सांगत होता, "माय, नोकरी आजून नही भेटनी. गावमा कोनले सांगू नको."

परतताना पोरगी म्हणाली, "पप्पा, त्या दादालाच विचारून ठरवू."

वाटेत नशिराबाद आलं तरी ती त्याचंच कौतुक करत होती. तिला काय सांगू?