अप्पांनी न घेतलेला कॅमेरा

अप्पा फोटो काढायला उभे राहिले, की आधी माणसाच्या हनुवटीला दोरी लागायची. त्यांचा कॅमेरा जुना, भात्याचा. समोरचा माणूस किती अंतरावर आहे, हे त्याला आपणच सांगावं लागे. म्हणून अप्पांनी एका बारीक दोरीला गाठी मारून ठेवल्या होत्या. एक टोक कॅमेऱ्याशी, दुसरं हनुवटीशी. अंतर जुळलं की दोरी बाजूला आणि "हं, आता हलू नका" असा हुकूम. तोवर निम्मी माणसं हसून लोळायची.

दुसरं टोक धरायला त्यांची बायको, माई. परक्या पुरुषाने बायामाणसांच्या तोंडाशी हात न्यायचा, हे रत्नागिरीत कोण खपवून घेणार? मुंबईला नोकरी करणाऱ्यांना घरच्यांचे फोटो हवे असत, त्यामुळे दर रविवारी बोलावणं असेच. आठवडाभर बंदरावरच्या कचेरीत कारकुनी करून पिचलेला हा माणूस कॅमेरा घेऊन निघे, मागून माई. मी शाळामास्तर, त्यांचा शेजारी. "निघाले मोजणीदार!" असं मी ओरडायचो. अप्पा म्हणायचे, "हसा मास्तर, हसा. तुमचीही हनुवटी एक दिवस लागायची आहे माझ्या दोरीला."

एकोणीसशे तीस सालानंतर कधीतरी त्यांच्या डोक्यात नव्या कॅमेऱ्याचं वेड शिरलं. त्याच्या बारीक खिडकीतून पाहिलं की एका माणसाची दोन माणसं दिसतात. चकती फिरवून दोघांचा एक केला की अंतर बरोबर. दोरीची गरजच नाही. किंमत मात्र डोळे पांढरे करणारी. घेऊ की नको, हे पुराण आमच्या ओटीवर दोन वर्षं चाललं. एकदा म्हणत, "रोल फुकट जात नाहीत हो." पुढच्या खेपेस, "या वयात कशास ही थेरं?" मला त्या कॅमेऱ्याचं अजीर्ण झालं. "अप्पा, घ्या नाहीतर विसरा. कान किटले माझे," असं शेवटी सांगूनच टाकलं.

मग मुंबईच्या एका ओळखीच्या दुकानदाराने महिनाभर वापरून बघा म्हणून तो बोटीने पाठवला. अप्पांनी पहिला फोटो माझ्या आईचा काढला. लुगड्याच्या काठाचा धागा न् धागा दिसत होता. आता हा घेतलाच म्हणून समजा, असं मी धरून चाललो.

पण त्याच रविवारी आणखी एक गोष्ट घडली. माई लुगडं बदलून निघाल्या, तर ओटीवर बसलेल्या त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "आता तू कशास गो? यंत्र मोजतंय ना अंतर? तांदूळ निवडायचे पडलेत." माई मुकाट्याने आत गेल्या. अप्पा एकटे निघाले, आणि महिनाभर एकटेच निघत राहिले.

महिना सरला आणि कॅमेरा परत गेला. "नेम बसत नाही त्याचा. फोटो धुरकट येतात," असं अप्पांनी घरी सांगितलं, कचेरीत सांगितलं आणि आमच्या भिंतीवर टांगलेल्या आईच्या त्या फोटोखाली बसून मलाही सांगितलं. मी फोटोकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि चहा मागवला. पुढच्या रविवारी दोघं पुन्हा दोरी घेऊन बाहेर पडली.

पुढे दोघंही थकली. माईंचे गुडघे धरले, घाटी चढताना धाप लागू लागली. माझ्या बायकोजवळ त्या म्हणाल्या, "पाय उचलत नाहीत गो. पण ते फोटो धुरकट नव्हते, मी पाहिलेत. माझ्यासाठी यंत्र परत केलं त्यांनी. आता मी नाही कशी म्हणू?" इकडे अप्पा मला सांगत, "रविवारी नुसतं पडून राहावंसं वाटतं, मास्तर. पण मग तिचं बाहेर पडणं बंद होईल." म्हणजे जायचं दोघांनाही नव्हतं, आणि तरी दर रविवारी दोघं पाय ओढत जात होती! मला चीड यायची. "सांगून टाकू का एकदा?" मी बायकोला विचारलं. "तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली.

माई तापाचं निमित्त होऊन गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी अप्पा आमच्या ओटीवर येऊन बसले. इतका दमलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मला राहवलं नाही. म्हटलं, "अप्पा, माईंनाही झेपत नव्हतं हो. तुमच्यासाठी यायच्या त्या."

"ठाऊक आहे," अप्पा म्हणाले. "चढणीला हात धरून मीच ओढत न्यायचो, मला कळणार नाही? पण घरात आई, भाऊ, भावजया. सगळ्यांदेखत बायकोशी बोलायचं कसं? 'पाणी दे' नि 'ताट वाढ', यापलीकडे घरात आमचं बोलणं झालंच नाही हो इतक्या वर्षांत. जे काय बोललो ते वाटेने. यंत्र घेतलं असतं तर तेही गेलं असतं."

मी पानाचं तबक त्यांच्यापुढे सरकवलं.

"आज सकाळी सवयीने निघालो," ते म्हणाले. "घाटीपर्यंत गेलो. काहीतरी सांगायला म्हणून मागेही वळलो. मग आलो परत."