वाटेत नसलेलं सफरचंद

इंदूची आणि माझी शेवटची भेट भांडणात गेली, आणि भांडण होतं एका ग्रीक मुलीवरून. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. बोरिवलीच्या खोलीत ती उशीला टेकून बसली होती. काविळीने डोळे पिवळे झालेले, उशाशी कोणीतरी आणून ठेवलेली चार सफरचंदं. बोलताना दम लागत होता, पण बोलणं थांबत नव्हतं. "शालू, तू संस्कृत शिकवतेस म्हणून जगातली प्रत्येक गोष्ट पाठ करायची नसते गं." मी म्हटलं, "हजारो वर्षं जी हरत आली तिला जिंकवणारी तू कोण?" ती नुसती हसली. चार दिवसांनी तिच्या भावाने शाळेत निरोप पाठवला... उत्तर द्यायचं तिच्याकडे राहून गेलं आणि प्रश्न माझ्याकडे.

मालाडच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका, ती इंग्रजीची, मी संस्कृतची. ग्रीक पुराणकथा तिने इंग्रजीतून वाचल्या होत्या आणि त्यांवर मराठीत कादंबऱ्या लिहायचं तिच्या मनाने घेतलं होतं. मोठ्या बायकांसाठी नाही, तेरा-चौदा वर्षांच्या मुलींसाठी. "लहानग्यांना राजा-राणी आहे, मोठ्यांना कादंबऱ्या आहेत. मधल्यांनी काय करायचं, नुसती वाट बघायची?" असं ती शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप हातात धरून विचारायची, आणि बाकीच्या बाया वह्यांत डोकं घालायच्या. पहिली कादंबरी अटलांटाची. मुलगी झाली म्हणून बापाने रानात टाकलेली, अस्वलीच्या दुधावर वाढलेली, वाऱ्यासारखी धावणारी. तिची अट अशी की, शर्यतीत मला हरवेल त्याच्याशीच लग्न करीन आणि जो हरेल तो जिवाला मुकेल. शेवटी एक तरुण धावता धावता सोन्याची तीन सफरचंदं टाकतो, ती उचलायला ती वाकते आणि हरते. मूळ कथा एवढीच.

इंदू एकेक प्रकरण लिहायची आणि आठवीच्या मोकळ्या तासाला वाचून दाखवायची. मी वह्या तपासायच्या निमित्ताने मागच्या बाकावर बसायचे, आणि घरी गेल्यावर तिच्या गिचमिड अक्षराची स्वच्छ प्रत करायचे. ते दिवस आठवले की आजही मला धाप लागते. अस्वलीच्या प्रकरणाला वर्ग श्वास रोखून बसलेला. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी डबा काढला नाही. मुली अटलांटाला अटलाबाई म्हणू लागल्या होत्या. मग शर्यतीचं प्रकरण आलं. पहिलं सोन्याचं सफरचंद घरंगळत आलं, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने अगदी काळजीने विचारलं, "बाई, ती आजारी होती का?"

आमच्या मुलींच्या घरात सफरचंद शिरायचं ते कोणाचा ताप उतरेना म्हणजेच. इंदू इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. पण मागून एक आवाज आला, "पण बाई, वाकली म्हणून कित्याक हरतली ती?" ही सुमन, खो-खोच्या संघाची कप्तान. वडील मालवणचे, गिरणीत कामाला. भाषा घरची, आवाज मैदानावरचा. "आम्ही खांबाला वळताना वाकतोच ना. वेग जात नाय."

दुसरी कोणी असती तर तिला खाली बसवली असती. इंदूने दुसऱ्या दिवशी पिशवीतून तीन पेरू आणले. शाळा सुटल्यावर मैदानात दोन खुणा केल्या, आणि आकडे मोजायचं काम माझ्याकडे दिलं, कारण श्लोक म्हणून म्हणून माझी लय पक्की. सुमन नुसती धावली तेव्हा चोवीस आकडे झाले. पेरू उचलत धावली तेव्हा सव्वीस. "बघ," मी म्हटलं. सुमन गुडघ्याची माती झटकत म्हणाली, "उद्या परत." मग रोज परत. कुंपणाशी मुलींची गर्दी, इंदू पदर खोचून पेरू मांडतेय, मी मोजतेय. नवव्या दिवशी दोन पेरू उचलून ती चोवीसच्या आत आली आणि मोजता मोजता माझा आवाज फाटला. मला, जिने आयुष्यात कधी वर आवाज काढला नव्हता तिला, ओरडायचं होतं. तिसरा पेरू मात्र इंदूने मुद्दाम लांब, रेषेबाहेर टाकला होता. तो तसाच पडून राहिला.

"तो का गं नाही घेतलास?" इंदूने विचारलं.

"तो माझ्या वाटेत नव्हता, बाई."

इंदू माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिला शेवट सापडला होता. तिची अटलांटा दोन सफरचंदं उचलते, तिसऱ्याकडे बघते, आणि पुढे जाते. हरलेला तरुण जिवंत घरी जातो. त्याला मारायचं नाही असं आठवीने ठरवलंच होतं.

गिरगावातले प्रकाशक भले गृहस्थ. पुस्तक छापायला तयार, पण म्हणाले, "मुलींच्या हातात द्यायचं आहे, बाई. शेवटी लग्न हवं. आणि मूळ कथेत आहेच की ते." यातलं शेवटचं वाक्य मलाही पटत होतं, आणि तेच मी तिला ऐकवत राहिले, अगदी शेवटच्या भेटीपर्यंत. आजार वाढल्यावर, निदान पुस्तक तरी हातात पडावं म्हणून, तिने लग्नाचाही शेवट लिहून ठेवला होता. ती गेल्यावर भावाने कागदांचं बाड मला दिलं. प्रकाशकांचं पत्र आलं, दोन्हींतला योग्य तो शेवट पाठवा.

मी दोन्ही शेवट समोर घेऊन बसले. लग्नाच्या शेवटात एकही खाडाखोड नव्हती. इंदूचं इतकं नीटनेटकं अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्यात वाक्यांवर वाक्यं खोडलेली, शाईचे डाग, आणि समासात बारीक आकडे, एक, दोन, तीन... प्रत्येक ओळीसमोर एक. चोवीसला अटलांटा पोचते. मैदानातलं माझं मोजणं तिने ओळींना लावलं होतं. ती लय मोडून लग्नाचं पान जोडणं मला जमेना.

मी गिरगावात गेले. प्रकाशक म्हणाले, "मूळ कथेचं काय करायचं?" मी म्हटलं, "कीर्तनकार आख्यान थोडं वळवतोच. त्याला कोणी मूळ विचारतं का?" ते म्हणाले, "पण इथे कीर्तनकारच गेलाय, बाई."

"मग मागचा टाळकरी पद पुढे नेतो."

ते चष्मा पुसत राहिले. मग कबूल झाले, एका अटीवर. शेवटच्या पानाखाली खुलासा हवा, आणि तो संस्कृतच्या बाईंनी लिहायचा, म्हणजे विद्वानांचा राग बाईंवर निघेल. मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच टाकाने लिहिला. काल तपासायला मुद्रितं आली. इंदूच्या पुस्तकात माझ्या तेवढ्याच तीन ओळी आहेत:

"मूळ कथेत अटलांटा हरते.
या पुस्तकात ती हरत नाही.
ही छपाईची चूक नव्हे."